तीन शहरांची वही

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, सगळं लिहून काढलंय, पण आता डोकंच चालेनासं झालंय," तेव्हाच माझ्या लक्षात आलं तुझ्या वहीत काय असणार ते. पॅरिस, ॲमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, रोम, व्हेनिस, प्राग, बार्सिलोना आणि जमलंच तर ग्रीस. दिवस बारा. खर्चाचा रकाना कोरा. बरोबर ना? अगं, घाबरू नकोस. पहिली वही सगळ्यांची अशीच असते. आपण एवढे पैसे खर्चून जाणार, पुन्हा कधी जमेल कोण जाणे, म्हणून जे दिसेल ते लिहून ठेवतो.

मीही पहिल्यांदा तसंच केलं होतं. अकरा दिवसांत सहा शहरं. परत आल्यावर आईनं विचारलं, "काय काय पाहिलंस?" तर मला आठवत होती ती रेल्वे स्टेशनं, सामान ठेवायची लॉकर्स आणि भल्या पहाटे बॅग घेऊन उतरलेले जिने. पैसेही ठरवल्यापेक्षा बरेच जास्त गेले. ते कुठे गेले हे एका रविवारी सगळ्या पावत्या पलंगावर पसरून बसले तेव्हा कळलं. राहण्यावर फार गेले नव्हते, खाण्यावरही नाही. गेले होते ते या गावाहून त्या गावाला जाण्यात. बघ, मुक्काम हलला की गाडीचं तिकीट आलं, स्टेशनपासून खोलीपर्यंतचं भाडं आलं, खोली दुपारी मिळणार म्हणून लॉकर आलं, स्वयंपाकघर नाही म्हणून स्टेशनवरचं महागडं सँडविच आलं. शिवाय अर्धा दिवस गेला तो वेगळाच. त्या अर्ध्या दिवसाची किंमत कुठल्याच पावतीवर नसते.

म्हणून खरं सांगू का, युरोप खिशाला झेपेल असा बघायचा तर आधी हलणं कमी कर. बाकीची काटकसर त्यानंतरची.

मी तुला एक मार्ग सांगते, कारण तो मी स्वतः नंतर आईला घेऊन केलाय आणि पहिल्या स्वतंत्र प्रवासाला त्याच्यासारखा दुसरा नाही असं माझं ठाम मत आहे. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. तिन्ही शहरं एका रेषेत आहेत. प्रागहून व्हिएन्ना आगगाडीनं चार तासांच्या आसपास, व्हिएन्नाहून बुडापेस्ट अडीच-पावणेतीन तास. म्हणजे आपल्या मुंबई-पुण्यासारखंच की गं! तिन्ही देश शेंगेनमधले, त्यामुळे व्हिसा एकच. आणि पॅरिस किंवा स्वित्झर्लंडच्या मानानं प्राग आणि बुडापेस्ट बरीच स्वस्त. व्हिएन्ना त्यातल्या त्यात महाग, म्हणून तिथे रात्री कमी ठेवायच्या. प्रागला चार, व्हिएन्नाला तीन, बुडापेस्टला पाच. झाल्या बारा रात्री. पॅरिस कुठे पळून जात नाही, ते पुढच्या खेपेला.

विमानाचं तिकीट शोधताना जाऊन-येऊन एकाच शहराचं शोधू नकोस. प्रागला उतरायचं आणि बुडापेस्टहून परतायचं. तिकिटांच्या बहुतेक साइटवर 'मल्टी-सिटी' असा पर्याय असतो, तो निवड. दुबई किंवा दोहामार्गे दोन्हीकडे विमानं आहेत. परत प्रागला येण्याचा गाडीखर्च आणि अख्खा दिवस वाचतो. माझी पहिल्या खेपेची शेवटची रात्र अशीच उलटं परत येण्यात गेली होती, म्हणून एवढं बजावून सांगतेय. आणि एक, युरोपातल्या युरोपात फिरायला स्वस्त विमानं दिसतील, तिकीट आपल्या एका जेवणाच्या भावात. तिथे बॅगेचे पैसे वेगळे असतात, आणि विमानतळ शहरापासून किती लांब आहे ते नकाशात बघितल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत. पॅरिसच्या नावानं विकला जाणारा बोवेचा विमानतळ पॅरिसपासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे! आपल्या तीन शहरांना विमान लागतच नाही, म्हणूनही मला हा मार्ग आवडतो.

रेल्वेच्या पासचं तू विचारलं होतंस. युरेल पास आपल्यासारख्या बाहेरून येणाऱ्यांसाठी असतो आणि ३३ देशांत चालतो, हे ऐकूनच माणूस हरखून जातं. पण बघ, तुला मोठे प्रवास दोनच करायचेत. दोन प्रवासांसाठी पास काढणं म्हणजे एक वाटी आमटीसाठी कुकरभर डाळ लावण्यासारखं. शिवाय फ्रान्स, इटली, स्पेनमधल्या वेगवान गाड्यांना पास असला तरी जागेचं आरक्षण वेगळे पैसे देऊन करावं लागतं. तू साधी तिकिटं काढ, फक्त लवकर काढ. ऑस्ट्रियाच्या आणि चेक रेल्वेच्या स्वतःच्या साइटवर स्वस्तातली तिकिटं थोडीच असतात आणि ती आधी संपतात. महिना-दीड महिना आधी बसलीस तर ऐनवेळच्या भावापेक्षा खूप कमी पडतं. मात्र ही तिकिटं त्याच गाडीची असतात, गाडी चुकली की पैसे गेले. म्हणून सकाळची पहिली गाडी घेऊ नकोस. दहा-अकराची घे, नाश्ता करून निघ.

आता व्हिसा. इथेच तुझी झोप उडालीय ना? मला माहितीये. कागदांची ती यादी बघून माझ्याही पोटात गोळा आला होता. पण तू दरवर्षी घरातल्या चौघांचे विम्याचे, कराचे, शाळेचे कागद सांभाळतेस. तेवढंच शिस्तीचं काम आहे हे, त्याहून अवघड नाही.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण पंधरा दिवसांवर विसंबू नकोस, कारण चौकशी लांबली तर निर्णयाला ४५ दिवसही लागू शकतात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर भेटीची तारीखच मिळत नाही. निदान तीन महिने आधी भेट ठरव. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५. युरो शंभर रुपयांच्या पुढे गेलाय, तेव्हा माणशी नऊ हजारांच्या वर धर, त्यात व्हिसा केंद्राचा आकार वेगळा. आणि व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही, म्हणून घाई नको.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, तर जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडे. आपल्या हिशोबात बुडापेस्टला पाच रात्री, म्हणजे हंगेरी. लोक तुला सांगतील, अमुक देशाची तारीख लवकर मिळते, तिथे टाक, आणि मग हवं तिथे फिर. ऐकू नकोस. कागदावर एक आणि पायाखाली दुसरं असं झालं की सीमेवरच्या माणसाला उत्तर तुला द्यावं लागतं, सल्ला देणाऱ्याला नाही.

बँकेचं स्टेटमेंट बँकेचा शिक्का मारलेलं घे. आयकराची विवरणपत्रं, ऑफिसचं रजेचं पत्र, राहण्याची बुकिंग, रोजच्या कार्यक्रमाचा एक साधा तक्ता आणि किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा. तो विमा सक्तीचा आहे, आणि सक्तीचा नसता तरी मी तुला तो घ्यायलाच लावला असता. खात्याचं म्हणशील तर शेवटच्या आठवड्यात मामाकडून दोन लाख आणून टाकू नकोस. अचानक आलेली रक्कम लगेच डोळ्यांवर येते. थोडे पण दर महिन्याला जमत गेलेले पैसे जास्त विश्वासाचे दिसतात. राहण्याची बुकिंग विनाशुल्क रद्द करता येतील अशी घे, पण खरी घे. खोटं बुकिंग करून देणारे गल्लोगल्ली भेटतात, त्यांच्या नादी लागायचं नाही. सगळं यादीच्या क्रमानं लावून एका फाइलमध्ये ठेव आणि एक झेरॉक्स संच आईकडे ठेव. एवढं झालं की व्हिसा केंद्रात तू फक्त कागद पुढे सरकवणार आहेस आणि बोटांचे ठसे देणार आहेस. तिथे कुणी परीक्षा घेत नाही गं.

तिकडे उतरल्यावर सीमेवर चेहऱ्याचा फोटो घेतील आणि ठसेही ताडून बघू शकतात. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात शिक्क्याऐवजी अशी नोंद ठेवायला सुरुवात झालीय. त्याला पैसे पडत नाहीत, पण रांग लांबू शकते. पाण्याची बाटली आणि धीर दोन्ही जवळ ठेव.

राहायला काय घेशील? एकटी जाणार असशील तर हॉस्टेलमध्ये फक्त बायकांची खोली मिळते, ती घे. स्वतःचं छोटं कुलूप ने, कारण बऱ्याच ठिकाणी कपाट असतं पण कुलूप आपलं लागतं. दोघी-तिघी असाल तर स्वयंपाकघर असलेली लहान जागा हॉस्टेलच्या तीन खाटांपेक्षा फारशी महाग पडत नाही, आणि तिथे खरी बचत सुरू होते. जागा निवडताना मधोमध चौकातच हवी असा हट्ट धरू नकोस. मेट्रो किंवा ट्रामच्या थांब्यापासून पाच मिनिटांवर असली की पुरे. लिफ्ट आहे का ते मात्र विचार. जुन्या इमारतींत चौथा मजला आणि लिफ्ट नाही असं सर्रास असतं. शहराचा पर्यटक करही काही ठिकाणी पोचल्यावर वेगळा घेतात, तेवढे पैसे बाजूला ठेव.

स्वयंपाकघरावरून आठवलं. आईनं पहिली बॅग भरली ती तुपाच्या डब्यानं. मला तो काढायला लावताना फार जड गेलं, कारण तिचं सगळं प्रेम त्या डब्यात होतं. पण युरोपात बाहेरच्या देशांतून मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पनीर, खव्याचं काही, हे सगळं घरीच ठेवायचं. ताज्या भाज्या आणि बहुतेक ताजी फळंही नाहीत. आम्ही मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, लाल तिखट, हळद आणि थोडी मुगाची डाळ नेली. तांदूळ, बटाटे, कांदे, दही, लोणी सगळं तिथल्या सुपरमार्केटात छान मिळतं.

आणि हे अगदी ध्यानात ठेव. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांवरची काही सोडली तर जवळजवळ सगळी. पहिल्या खेपेला हे मला माहीत नव्हतं. रविवारी सकाळी व्हिएन्नात पिशवी घेऊन निघाले, एकामागून एक बंद काचा, आणि जवळ फक्त अर्धा बिस्किटांचा पुडा. दुपारपर्यंत त्यावरच काढली. आईबरोबर गेले तेव्हा शनिवारी संध्याकाळीच दूध, पाव, बटाटे, दही घेऊन ठेवलं. रविवारी खिडकीबाहेर पाऊस पडत होता, आईनं फोडणीत हळद-तिखट टाकून बटाट्याची भाजी परतली, त्यांच्या काळ्या जाड पावाबरोबर आम्ही ती खाल्ली, वर दही-मेतकूट. जेवण झाल्यावर आई म्हणाली, "आता दाखव तुझं व्हिएन्ना." पोट भरलेलं असलं की म्हातारी माणसंही सहा-सात किलोमीटर चालतात बघ.

तू शाकाहारी म्हणून बाहेर उपाशी राहशील अशी भीती काढून टाक. बुडापेस्टला लांगोश म्हणून मिळतो, तळलेल्या मोठ्या भटुऱ्यासारखा, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. प्रागला तळलेलं चीज बटाट्याबरोबर देतात. व्हिएन्नाकडे पिठाच्या छोट्या गोळ्यांची चीज घातलेली डिश आहे, केझेश्पेत्सले, ती आईला फार आवडली. मात्र सूप मागताना ते कशाच्या पाण्यात केलंय ते विचार. एक जेवण बाहेर, तेही दुपारी, कारण दुपारचं ठरावीक ताट रात्रीपेक्षा स्वस्त असतं. बाकी दोन घरी. आणि पाणी विकत घेऊ नकोस! व्हिएन्नात नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३ साली पहिली नळवाहिनी घातली तेव्हापासून. घरची स्टीलची बाटली ने आणि भरत जा.

पैशांचं थोडक्यात सांगते. व्हिएन्नाला युरो, प्रागला कोरुना, बुडापेस्टला फोरिंट. इथून तिन्ही चलनं गोळा करायची गरज नाही. थोडे युरो आणि दोन कार्डं, दोन वेगळ्या पिशव्यांत. तिथे कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. एटीएम किंवा दुकानातलं यंत्र विचारेल, "रुपयांत घेऊ का?" नाही म्हणायचं, तिथल्याच चलनात घे म्हणायचं. रुपयांत घेतलंस की भाव ते लावतात आणि तो आपल्या हिताचा नसतो. रस्त्यात कुणी "बदलून देतो" म्हणालं तर थांबूही नकोस. सुटी नाणी जपून ठेव, स्वच्छतागृहाला लागतात.

आता माझी एक चूक सांगते, म्हणजे तुझी होणार नाही. पहिल्याच दिवशी मी मेट्रोचं कागदी तिकीट घेतलं, नीट पर्समध्ये ठेवलं आणि गाडीत बसले. दोन थांब्यांनंतर तपासनीस आला. तिकीट दाखवलं, तर म्हणाला यावर वेळेचा ठसा नाही, म्हणजे हे वापरलेलंच नाही. दंड भरावा लागला आणि त्या दिवशी मी एकटीच बाकावर बसून रडले. प्राग असो, व्हिएन्ना असो, बुडापेस्ट असो, साधं कागदी तिकीट दारातल्या छोट्या यंत्रात घालून छापून घ्यायचं. खट् आवाज येतो. तो आवाज ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही. दिवसांचा पास काढलास तर फार तर एकदाच छापायचा आणि मग हवं तितकं फिरायचं.

आणि त्या पासवर काय काय दिसतं माहितीये? बुडापेस्टची दोन नंबरची ट्राम डॅन्यूबच्या काठानं जाते. संध्याकाळी दिवे लागताना आईला खिडकीशी बसवलं. डावीकडे नदी, पलीकडे टेकडीवरचा राजवाडा, पुढे साखळी पूल, तो १८४९ मध्ये बांधून झालेला, आणि मग पार्लमेंट, सगळं पिवळ्या उजेडात न्हालेलं. शेवटच्या थांब्याला उतरायचं तर आई म्हणाली, "परत जाऊ या ना गं उलटं." आम्ही त्याच पासवर तीनदा गेलो. याच नदीतून तासाभराच्या बोटीचे भरपूर पैसे घेतात. तिथली एक नंबरची मेट्रो १८९६ पासून चालतेय, इवलीशी स्टेशनं, पांढऱ्या टाइल्स, लाकडी चौकटी. ती थेट सेचेनीच्या गरम पाण्याच्या कुंडांपाशी नेते. तिथे मात्र पैसे खर्च कर. पोहण्याचा पोशाख, टॉवेल आणि स्लिपर घरून ने, भाड्यानं घेऊ नकोस.

तसंच व्हिएन्नाचं. शोनब्रुन राजवाड्याची बाग फुकट, व्हिएन्ना शहराच्या संग्रहालयातलं कायमचं दालनही २०२३ च्या अखेरीपासून फुकट आहे. मग वाचलेल्या पैशांत बेल्व्हेडेरला जाऊन क्लिम्टचं 'द किस' बघ. आई त्या सोनेरी चित्रापुढे कितीतरी वेळ उभी राहिली आणि मला हळूच म्हणाली, "पैठणी आहे गं ही." दिवसाला एक तिकिटाची जागा आणि बाकी पायी, असा आमचा नेम होता. प्रागच्या चार्ल्स पुलावर मात्र सकाळी सहाला जा. १३५७ मध्ये पायाभरणी झालेला तो पूल दुपारी माणसांनी इतका भरलेला असतो की दगड दिसत नाही, आणि पाकीटमारांचं फावतं. पहाटे तो तुझा एकटीचा असतो.

एकटीनं सुरक्षित वाटेल का, हे तू विचारलं नाहीस, पण तुझ्या आवाजात ते होतं. अगं, संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलावरून पर्स छातीशी धरून चालणारी बाई आहेस तू. तेवढं भान तिथे पुरतं. नव्या शहरात पोचणं मात्र उजेडी ठेव. फोनवर घरच्यांना लोकेशन दिसत राहू दे. आणीबाणीचा क्रमांक ११२, तिन्ही देशांत तोच.

बॅग एकच, तीही तुला स्वतःला जिन्यावरून उचलता येईल एवढी. प्रागच्या दगडी रस्त्यांवर मोठ्या बॅगेची चाकं अडकतात, मी दोन्ही हातांनी ओढत नेलीय. चार जोड कपडे, रात्री धुवायचे. बारीक दोरी आणि सहा चिमटे टाक त्यात. बूट कोरे नकोत, महिनाभर इथेच घालून फिर. प्लग गोल दोन पिनांचा लागतो.

आणि हे वाचून झालं की लगेच कपाटातून पासपोर्ट काढ. तो गेल्या दहा वर्षांतला आहे ना, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालतोय ना, दोन पानं कोरी आहेत ना, एवढं बघ. यातलं एक जरी नसेल तर उद्याच नूतनीकरणाचा अर्ज कर आणि मला कळव. वहीतलं आठ ठिकाणांचं पान फाडू नकोस, फक्त उलट. मागच्या कोऱ्या पानावर तीन शहरं आणि बारा रात्री लिहून शनिवारी ये, तिकिटांच्या तारखा आपण बसून बघू.